बिनखुणेच्या चादरी

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब. पंख्याखाली, टेबलाशी नीट बसून, चहा पीत लिहिलंत, आणि सात वर्षांत तीनदा लिहिलंत. "नदीचे पाणी घरगुती वापरास योग्य आढळले. परिसरातील त्वचाविकारांशी त्याचा संबंध असल्याचा पुरावा नाही." खाली सही, सहीवर शिक्का. आता तुमच्याच कार्यालयातून चौथा कागद निघाला आहे. त्यावरही तीच सही आणि तोच शिक्का, पण मजकूर नेमका उलटा. तो कागद कसा जन्माला आला हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे, कारण त्या वेळी तुम्ही पाठ खाजवत होतात. लोकांना मात्र ठाऊक नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगायला हवं.

पुलाच्या अलीकडे, खालच्या आळीत, एक लाँड्री आहे. दोन मशिनं, दोन हौद, कपडे वाळवायच्या आठ दोऱ्यांचं अंगण आणि इस्त्रीचं एक लांबलचक टेबल. मालकीण आत्या. ती कुणाची आत्या असं नाही. तिची सून लग्न होऊन आली आणि सासूला आत्या म्हणू लागली, तेव्हापासून सगळी आळीच तिला आत्या म्हणते. त्याच हिशेबाने तिचा नवरा सगळ्यांचा मामा झाला. मामा इस्त्री करतात आणि कमी ऐकतात. आत्याच्या मते ते सोयीपुरतंच कमी ऐकतात.

आणि सून. सुनेला आळीत 'डागवाली' म्हणतात, ते कौतुकाने. शाई असो, गंज असो, ग्रीस असो, ती कापड उजेडाकडे धरणार, डागावरून अंगठा फिरवणार आणि सांगणार, "हा तीन दिवसांचा आहे, लिंबाने जाईल," नाहीतर "हा मेल्याशिवाय जायचा नाही, यावर खिसा लावा." हातमोजे घालून हे होत नाही. डाग बोटाला कळावा लागतो. मशिनं काय, कुणीही फिरवील. पण लाँड्री चालत होती ती त्या बोटांवर.

आणि तीच बोटं फुटली होती.

चार किलोमीटर वर रंगाची रसायनं बनवणारा कारखाना आहे. त्याचं पाणी नदीत, नदीचं पाणी आळीच्या नळांत आणि नळाचं पाणी आत्याच्या मोठ्या हौदात. दुसरा हौद लहान. त्यात टेकडीवरच्या विहिरीचं पाणी. मामा ते हातगाडीवर पिंपं लादून दिवसाआड आणत, म्हणून ते जपून वापरायचं. दवाखान्याच्या चादरी, बाळांची दुपटी आणि विश्रामगृहाचे कपडे एवढंच त्या गोड्या हौदात. बाकी सगळं नदीच्या हौदात.

नदीच्या हौदाचा एक रिवाज होता. रोज सकाळी मशीन लावण्याआधी आत्या पांढऱ्या कापडाची चार बोटं रुंद चिंधी हौदात बुडवायची आणि दोरीवर वाळत घालायची. चिंधी गुलाबी निघाली की त्या दिवशी लाल कपडे. निळी निघाली की कारखान्यातल्या कामगारांचे निळे डगले. हिरवी निघाली तर बाजारातल्या ताडपत्र्या. पांढऱ्या कपड्यांनी आपली पाळी येईपर्यंत वाट बघायची. गिऱ्हाईकं आत यायच्या आधी बाहेरूनच ओरडायची, "आत्या, आज नदी कुठल्या रंगाची?"

"आज जांभळी आहे! तुझा सदरा उद्या!"

दुनियेत लोक कपड्याचा रंग बघून पाणी ठरवतात. खालच्या आळीत पाण्याचा रंग बघून कपडे ठरवत होते आणि वर हसतही होते. हसण्याची सवय वाईट असते, साहेब. माणूस हसतो म्हणजे त्याचं बरं चाललंय, असं लांबून बघणाऱ्याला वाटतं.

वाळलेल्या चिंधीवर आत्या खुणेच्या शाईने तारीख घालून ती पत्र्याच्या डब्यात टाकायची. सात वर्षांत असे नऊ डबे भरले. आळीने पाण्याबद्दल केलेल्या तक्रारीच्या दुसऱ्या सुनावणीला ती एक डबा घेऊन गेली होती. तुम्ही झाकण उघडून बघितलंत आणि म्हणालात, "बाई, हे कार्यालय आहे, शिंप्याचं दुकान नाही." सगळं व्यासपीठ हसलं होतं. आठवतं ना?

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनीही त्याच सुनावणीत आपली वही दिली होती. दोनशे बारा घरांपैकी एकशे चाळीस घरांत कुणाच्या ना कुणाच्या अंगावर चट्टे. नखं काळी पडलेली, पापण्या सुजलेल्या, लहान मुलांना सारखी जुलाबाची तक्रार आणि म्हाताऱ्यांना न थांबणारा खोकला. कुणाला कधीपासून, हे तारखेनिशी. तुमचं उत्तर आलं, "नोंदवही विहित नमुन्यात नाही." म्हणजे चट्टेसुद्धा तुमच्या नमुन्यात यायला हवे होते, नाही का?

या खेपेला तिसरी सुनावणी होती आणि तीच शेवटची. वरच्या धरणाची पाइपलाइन आळीपासून दोन किलोमीटरवरून जाते. नदीचं पाणी अपायकारक आहे असा एक कागद निघाला, तर तिचा फाटा आळीला मिळणार होता. नाही निघाला, तर फाईल कायमची बंद. आळीला फाटा हवाच होता, पण आत्याला तो एका माणसासाठी हवा होता. डॉक्टरीणबाईंनी सुनेचे हात उलटसुलट करून बघितले होते आणि आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "आणखी एक थंडी या पाण्यात काढलीस, तर बोटं अजिबात मिटायची नाहीत. मग डाग सोड, घासही उचलता यायचा नाही."

"मग मला कुणीतरी भरवेल की," सून म्हणाली. "आत्यांना सवय आहे, मामांना भरवतात."

"मी कधी भरवलं त्यांना?"

"बोलून बोलून, आत्या. रोज."

मामांनी हे ऐकलं नाही. किंवा ऐकलं.

सुनावणी गुरुवारी होती. सोमवारी सकाळी विश्रामगृहाचा खानसामा भलंमोठं गाठोडं घेऊन आला. विश्रामगृहाचं स्वयंपाकघर तोच बघतो, खोल्या आणि किल्ल्याही तोच बघतो, आणि स्वतःला मॅनेजर म्हणवतो.

"तीन साहेब आणि एक कारकून येणारेत उद्या रात्री," तो म्हणाला. "कोऱ्या चादरी काढल्यात, कोरे टॉवेल. पण खळ बघ कसली! चादर उभी केली तर भिंतीसारखी उभी राहील. मऊ करून दे. साहेबांची कातडी नाजूक असते."

"आणि आमची?"

"तुमची पक्की झालीय, आत्या."

"चल नीघ," आत्या म्हणाली. "उद्या संध्याकाळी घेऊन जा."

आता लाँड्रीतली पद्धत नीट समजून घ्या, कारण सगळं तिथेच अडलं. आत्याच्या लाँड्रीत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्याला कोपऱ्यात धाग्याची खूण असते. विश्रामगृहाची खूण म्हणजे लाल धाग्याचे दोन टाके. कोरं कापड येतं तेव्हा त्याला खूण नसते. असं बिनखुणेचं कापड आधी नदीच्या हौदात काढायचं, म्हणजे खळ आणि दुकानाची धूळ जाते. विहिरीचं पाणी खळीवर कोण घालवणार? मग ते दुसऱ्यांदा गोड्या हौदात धुवायचं, आणि त्यानंतरच सुनेने खुणेचे टाके घालायचे. म्हणून कोऱ्या कापडावर लाल टाके दिसले की ते गोड्या पाण्यातून निघालं, आता सरळ इस्त्रीला. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. कुणाला विचारावं लागत नव्हतं, कुणाला सांगावं लागत नव्हतं.

त्या सोमवारी सकाळी चिंधी वाळली आणि आत्या दोरीपाशी थबकली. चिंधी पांढरीशुभ्र होती.

"अहो, इकडे या. नदी पांढरी आहे."

मामांनी चष्मा लावून बघितलं. "आजारी आहे का ती?"

"साहेब यायचेत ना. कारखान्याने तोंड धुतलं असेल."

कोऱ्या चादरींना याहून चांगला दिवस कुठला? आत्याने चादरी आणि टॉवेल नदीच्या हौदातून काढले, खळ गेली, कापड दुधासारखं दिसत होतं. सून दवाखान्यात पट्ट्या बदलायला गेली होती. आदल्या दिवशी सुई धरताना तिच्या बोटाची भेग उघडली होती आणि धाग्याचा लाल कुठला आणि बोटाचा लाल कुठला, हे कळेनासं झालं होतं. आत्याच्या ते डोक्यात होतं. तिने विचार केला, पोरीला आज सुई धरायला नको. टाके मीच घालून ठेवते. आणि तिने चौदा चादरींना आणि चौदा टॉवेलांना दोन दोन लाल टाके घातले, दोरीवर टाकले आणि ती बाजारातल्या ताडपत्र्या मोजून घ्यायला गेली. मनात हेच, की सून आली की गोड्या हौदात घालेल.

सून आली. तिने दोरीवरच्या वाळलेल्या, लाल टाके घातलेल्या चादरी बघितल्या. म्हणजे दोन्ही पाणी झाली, आत्याने तिचं सगळं काम उरकलं. तिला बरं वाटलं. तिने त्या उतरवून मामांकडे दिल्या, मामांनी कडक इस्त्री करून घड्या घातल्या, आणि मंगळवारी खानसामा घड्या उराशी धरून घेऊन गेला.

चूक झाली ती मायेपोटी. तुमच्या तीन अहवालांत जे झालं ते कशापोटी, ते तुम्हीच सांगा.

गुरुवारी अकरा वाजता सभागृह भरलं. आळीतली निम्मी माणसं खुर्च्यांवर, निम्मी भिंतीला टेकून. पहिल्या रांगेत आत्या, मांडीवर दहावा डबा. शेजारी सून, पट्ट्या बांधलेले हात पदराखाली घेतलेले. पलीकडे मामा आणि डॉक्टरीणबाई. व्यासपीठावर मोठे साहेब, म्हणजे तुम्हीच, दोन छोटे साहेब आणि टोकाला टंकलेखनाचं यंत्र घेऊन कारकून.

मोठे साहेब उभे राहिले, कागद उचलला आणि मान वाकडी करून खांदा कानाला घासला.

"नदीच्या पाण्याचे नमुने सोमवारी घेण्यात आले," त्यांनी वाचायला सुरुवात केली. "पाणी रंगहीन व—" इथे त्यांचा डावा हात कोटाच्या आत गेला. "—व गंधहीन आढळले."

एक छोटा साहेब पायाच्या पोटरीवर पेन्सिल चालवत होता. दुसरा खुर्चीच्या पाठीला पाठ घासत खालीवर होत होता, जसा गोठ्यातला बैल खांबाला घासतो.

"हे काय करतायत?" मामांनी मोठ्याने विचारलं. कमी ऐकणाऱ्या माणसाला हळू बोलता येत नाही. "नाचतायत का?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं.

"शांतता!" मोठे साहेब म्हणाले. "सदर पाण्याचा त्वचेवर कोणताही— कोणताही—" आणि त्यांनी कागद खाली ठेवला, टेबलावरची लाकडी पट्टी उचलली आणि सगळ्या सभेसमोर ती कॉलरमधून पाठीत घातली. "कोणताही परिणाम होत नाही," असं त्यांनी पट्टी चालवत चालवत वाक्य पूर्ण केलं.

सभागृहात असा हशा उठला की भिंतीला टेकलेली माणसं खाली बसली. आळीतला न्हावी उभा राहून म्हणाला, "साहेब, थोडं डावीकडे!" कारकून तेवढा मख्ख बसून टाइप करत होता. त्याला काही होत नव्हतं. तो आपली वळकटी घरून घेऊन आला होता. सरकारी चादरीवर त्याचा नोकरीत लागल्यापासून विश्वास नव्हता.

सगळे हसत होते, डॉक्टरीणबाई मात्र हसत नव्हत्या. त्या पुढे वाकून बघत होत्या. "मानेवर, खांद्यांवर, पोटऱ्यांवर," त्या पुटपुटल्या. "अंथरुणाला लागतो तेवढाच भाग. हे आपलेच चट्टे आहेत, आत्या. रोज बघते मी हे."

आत्याचं हसू जागच्या जागी थिजलं. ती हळूच सुनेकडे वळली.

"सूनबाई, विश्रामगृहाच्या चादरी गोड्या हौदात काढल्यास ना?"

"मी? तुम्ही काढल्या होत्या ना?"

"मी कुठे? मी फक्त टाके घातले."

"टाके घातले म्हणजे... आत्या, टाके तर शेवटी असतात."

"तुझी बोटं दुखतात म्हणून आधी घातले गं."

पलीकडून मामा म्हणाले, "कडक इस्त्री केली होती मी. इस्त्रीत काही चूक नव्हती."

सुनावणी अर्ध्या तासात थांबली. "प्रकृतीच्या कारणास्तव तहकूब," असं कारकुनाने टाइप केलं आणि तिन्ही साहेब शेजारच्या दवाखान्याकडे जवळजवळ पळाले.

आत्यापुढे आता दोन वाटा होत्या. गप्प बसायचं, किंवा बोलायचं. मामांनी पहिल्यांदाच खालच्या आवाजात सांगितलं, "बोलू नकोस. ढेकणांवर जाईल. खानसाम्याच्या गाद्यांत ढेकूण आहेतच."

"माझ्या धुण्याचा दोष मी ढेकणांवर घालू? एक्केचाळीस वर्षांत कुणाचं बटण हरवलं तरी मी स्वतः सांगितलंय."

"बटण वेगळं. हे साहेब आहेत. लाँड्री बंद करतील."

आत्याने सुनेकडे बघितलं. सून म्हणाली, "तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन. आणि मी रडत सांगेन, ते वाईट दिसेल."

"बरं बाई, चल," आत्या उठली.

दवाखान्यात तीन साहेब उघड्या अंगाने बसले होते. त्यांच्या पाठी लालभडक, बोटाबोटाएवढे फुगलेले चट्टे. डॉक्टरीणबाई मलम लावत होत्या. आत्या दारात उभी राहिली आणि एका दमात बोलली, "साहेब, त्या चादरी माझ्या लाँड्रीतल्या. त्या विहिरीच्या पाण्यात दुसऱ्यांदा धुवायच्या होत्या, त्या राहिल्या. नदीच्या पाण्यात धुतलेल्याच तुमच्याकडे गेल्या. चूक माझी. सुनेची नाही, खानसाम्याची नाही. माझी."

मोठे साहेब ताडकन उठले. "नदीच्या पाण्यात? आमच्या चादरी? नदीच्या पाण्यात?"

"हो."

"अक्कल आहे का तुम्हाला? त्या पाण्यात काय काय असतं ठाऊक आहे? माणसाच्या अंगाला लागायच्या कपड्याला ते पाणी लावता? हा गुन्हा आहे, गुन्हा!"

कंपाउंडरच्या हातातली बाटली तिरकी राहिली आणि त्यातलं औषध टेबलावर टपटप गळत राहिलं.

डॉक्टरीणबाईंनी मलमाचा हात रुमालाला पुसला, पेन उघडलं आणि अगदी साळसूदपणे विचारलं, "साहेब, तुम्हाला रजेसाठी दाखला लागेल ना? कारण काय लिहू? ढेकूण लिहू का?"

"ढेकूण कशाला? या बाईला सोडायचं म्हणून? स्वच्छ लिहा. नदीच्या दूषित पाण्यामुळे झालेला त्वचेचा दाह! तिघांच्याही दाखल्यावर! आणि विश्रामगृहातला एक टॉवेल आजच्या आज प्रयोगशाळेत पाठवा."

"प्रयोगशाळेतलं यंत्र बिघडलंय असं तुमच्या पत्रात होतं. चार वर्षांपूर्वी."

"चालतंय ते!" साहेब ओरडले. "कारकून! नोटीस घ्या!"

कारकुनाने यंत्र दवाखान्याच्या बाकावर ठेवलं. तो वीस वर्षं जे सांगितलं जाईल तेच टाइप करत आला होता, ना एक शब्द जास्त ना एक शब्द कमी. साहेब बोलले, त्याने टाइप केलं. साहेबांनी न वाचता सही केली, कारण एका हाताने ते पाठ खाजवत होते.

हाच तो चौथा कागद. त्यात लिहिलं आहे:

"सदर नदीचे पाणी मानवी त्वचेस तीव्र अपायकारक आहे हे सर्वश्रुत असूनही, आपण त्या पाण्यात धुतलेले कपडे वापरास देऊन तीन अधिकाऱ्यांच्या आरोग्यास इजा पोहोचविली आहे. आपले धुलाई केंद्र पुढील आदेशापर्यंत बंद करण्यात येत आहे. असे का केले, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा."

आत्याने नोटीस दोन्ही हातांनी घेतली. वाचली. पुन्हा वाचली. मग सुनेला दिली. सुनेने पट्टी बांधलेला अंगठा ओळीवरून फिरवला, डागावरून फिरवते तसा, आणि ती एका शब्दापाशी थांबली.

"सर्वश्रुत," ती म्हणाली. "आत्या, सर्वश्रुत लिहिलंय."

"आभारी आहे, साहेब," आत्या म्हणाली. आणि अगदी मनापासून म्हणाली.

साहेबांना त्याचा अर्थ त्या क्षणी कळला नाही. त्यांना तो शुक्रवारी दुपारी कळला. तोवर नोटिशीच्या दोनशे बारा प्रती निघाल्या होत्या आणि आळीतल्या प्रत्येक दोरीवर कपड्यांच्या चिमट्याने लटकत होत्या. लाँड्री बंद, दोऱ्या रिकाम्या, मग दुसरं काय वाळत घालायचं? टॉवेलाचा तपासणी अहवालही दोन दिवसांत आला. चार वर्षं बिघडलेलं यंत्र एकाएकी सुतासारखं सरळ चाललं. त्यात आम्ल सापडलं, रंग मारण्यासाठी ओतलेलं ब्लीच सापडलं आणि वर डॉक्टरीणबाईंनी तीनदा वाचून समजावून सांगितलेली आणखी पाच नावं. नदीला तोंड धुवायला लावलं होतं ते असं. रंग गेला होता, विष वाढलं होतं.

सोमवारची ती पांढरी चिंधी आत्याने डब्यातून काढली, तर ती बोटांत पिठासारखी भुगा झाली. नऊ डब्यांतल्या निळ्या-जांभळ्या चिंध्या अजून धडधाकट आहेत. हे एकच पांढरं कापड टिकलं नाही. आत्याने तो भुगा काचेच्या बाटलीत भरला आणि त्यावरही तारीख घातली.

शनिवारी कार्यालयातून शिपाई आला. भला माणूस, बिचारा घामाघूम झालेला.

"आत्या, ती नोटीस चुकून गेली म्हणे. परत द्या."

"पावती आहे का?"

"कसली पावती?"

"माझ्या दुकानात पावती दाखवल्याशिवाय काही परत मिळत नाही. धुलाईचा नियम आहे."

"अहो, माझी नोकरी जाईल."

"तुझी कशी जाईल? तुला चहा देते, पी. आणि साहेबांना सांग, नोटिशीला डाग पडलाय. आमच्या सुनेने बघितला. ती म्हणते, हा निघायचा नाही."

शिपाई चहा प्यायला आणि जाताना दोरीवरची एक प्रत स्वतःसाठी खिशात घालून गेला. त्याची बहीण खालच्याच आळीत राहते.

पुढचे दिवस आळी चुरगळलेले कपडे घालून हिंडली. न्हाव्याच्या सदऱ्यावर घड्यांचा नकाशा उमटला होता. शाळेच्या मास्तरांनी एकच पँट सहा दिवस वापरली आणि ती 'आंदोलन' आहे असं जाहीर केलं. कुणी कुरकुर केली नाही. मामांना इस्त्रीचं काम नव्हतं म्हणून ते दिवसाआडऐवजी रोज टेकडीवर जाऊ लागले आणि विहिरीचं सगळं पाणी एकाच माणसासाठी आणू लागले. सुनेने नदीचं पाणी आंघोळीलासुद्धा घ्यायचं नाही, असा त्यांनी हुकूम काढला. सून नको म्हणाली, तर त्यांना ऐकू आलं नाही.

सातव्या दिवशी सकाळी सुनेने पट्ट्या सोडल्या. भेगा मिटत आल्या होत्या. नवी कातडी गुलाबी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. तिने बोटं एकेक करून आत घेतली. करंगळी, अनामिका, मधलं, पहिलं आणि वरून अंगठा. मूठ पूर्ण वळली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"आत्या, बघा."

आत्याने बघितलं आणि तोंड फिरवलं. "त्याच मुठीत पेन धर," ती म्हणाली. "खुलासा लिहायचाय. आज शेवटचा दिवस. माझं अक्षर साहेबांना लागायचं नाही."

इस्त्रीच्या टेबलावर कागद पसरला. मामा, डॉक्टरीणबाई, न्हावी सगळे भोवती उभे. आत्याने सांगितलं, सुनेने लिहिलं, एकही शब्द खोडला नाही.

"साहेब, असे का केले म्हणून विचारलंत. सांगते. नळाला दुसरं पाणी नाही, म्हणून केलं. तुम्ही तीनदा योग्य म्हणून लिहून दिलंत, म्हणून केलं. त्या पाण्यावर तुम्ही दोन रात्री झोपलात. आम्ही त्यात सात वर्षं आंघोळ केली, स्वयंपाक केला, मुलं वाढवली. तुमच्या पाठीसाठी दोन दिवसांत तपासणी झाली. माझ्या सुनेच्या हातांसाठी ती सात वर्षांत का झाली नाही? पाणी योग्य असेल तर माझी लाँड्री बंद का? अपायकारक असेल तर कारखाना चालू का? सर्वश्रुत म्हणता, मग तुम्ही ते पहिल्यांदा कधी ऐकलंत? तारीख लिहा. आमच्याकडे सगळ्या तारखा आहेत. पाइपलाइनचा फाटा कुठल्या दिवशी जोडताय, तेही लिहा. सोबत नऊ डबे, एक बाटली आणि डॉक्टरीणबाईंची वही पाठवत आहोत. नमुना विहित नाही. चट्टेही नव्हते."

सुनेने खाली आत्याचं नाव घातलं. मग सुई घेतली, लाल धागा ओवला आणि कागदाच्या कोपऱ्यात दोन टाके घातले. या खेपेला सगळं झाल्यावर, शेवटी.

ते पत्र पोचून आज आठ दिवस झाले, साहेब. आत्याला तुम्ही सात दिवस दिले होते, तिने सातव्या दिवशी उत्तर दिलं. तुमचे सात दिवस काल संपले. लाँड्री अजून बंद आहे, कारखान्याचं पाणी अजून चालू आहे, आज सकाळी चिंधी नारिंगी निघाली. सुनेची मूठ वळते आहे आणि ती आता उघडायची की नाही, हे तुमच्यावर आहे.

तीन कागदांत योग्य, चौथ्यात अपायकारक. सही चारही ठिकाणी तुमचीच. यातली खरी कुठली?

लेखी सांगा.